चमच्याच्या दांड्यात काय आहे?

काटेकाकांना घाबरायला एरवी कारण लागत नसे. लिफ्टचं दार नीट लागलं नाही, दारावर अनोळखी माणसाने दोनदा बेल वाजवली, लांब पाकिटातून एखादं पत्र आलं, एवढं त्यांना पुरत असे. देवाने काही माणसं गाण्यासाठी घडवली, काही हिशेबासाठी, आणि काकांना घडवताना त्याच्या मनात बहुधा असं असावं की जगात जेवढी भीती आहे तेवढी कुणीतरी एकाने नीट सांभाळून ठेवावी. पण या वेळी मात्र काकांकडे खरंखुरं कारण होतं. ते पितळेचं होतं, वीतभर लांब होतं, आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी बनवलेलं होतं.

तो एक चमचा होता.

झालं होतं असं. तीन वर्षांपूर्वी काकूंचा उजवा हात थरथरायला लागला. स्वस्थ ठेवला की स्वस्थ. पण घास उचलला की हात असा हेलकावे खायचा की वाटीतला भात वाटेतच उतरून जायचा. डॉक्टरांनी त्या दुखण्याचं लांबलचक नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि जाता जाता म्हणाले, "जड चमचा वापरून बघा. वजनाने हात स्थिरावतो कधीकधी."

आता हे त्यांनी कुणाला सांगितलं? ज्याने एकतीस वर्षं सरकारच्या वजनमापं तपासण्याच्या खात्यात काढली, दुकानोदुकानी जाऊन तराजूचे काटे पारखले, आणि ज्याला त्यावरूनच सगळी वसाहत काटेकाका म्हणते, त्याला! काका त्याच दिवशी पितळेची नळी घेऊन आले. तिला पुढे चमच्याचं तोंड जोडलं आणि नळीत गळाला लावायच्या शिशाच्या बारीक गोळ्या भरल्या. शंभर ग्रॅमला हात ऐकेना. दीडशेला मनगट दुखायला लागलं. सव्वाशे ग्रॅमवर मात्र हात असा शांत झाला, जसं रडून थकलेलं मूल खांद्यावर मान टाकतं. काकांनी टोपण घट्ट फिरवून बसवलं, वरून कथिलाचा डाग देऊन ते पक्कं केलं, आणि त्या दुपारी काकूंनी वाटीभर भात एक शीत न सांडता संपवला. काका उठून कुंड्यांना पाणी घालायला गेले. कुंड्यांना सकाळीच पाणी घातलेलं होतं.

तरीही काकू घराबाहेर कुणासमोर जेवत नसत. लग्न असो, बारसं असो, "मला भूक नाही" हे वाक्य त्यांनी इतक्या ठिकाणी म्हटलं होतं की नातेवाईक त्यांना अन्नावरची वासना गेलेली बाई समजायला लागले होते. आणि अशात त्यांच्या थोरल्या बहिणीचा, ताईंचा, परदेशातून फोन आला. ताई ऐंशीच्या घरात. त्या म्हणाल्या, "आता माझ्याच्याने प्रवास होत नाही ग. तू ये. पंधरा दिवस ये. तू रांधशील आणि मी तुझ्या शेजारी बसून जेवेन. मग काय व्हायचं ते होऊ दे."

काकूंनी दिवसभर कपाटं आवरली. संध्याकाळी त्यांनी काकांना सांगितलं, "जाऊ या. पण ताईसमोर मला कुणी भरवायचं नाही. तिने मला लहानपणी भरवलंय. या वयात पुन्हा भरवताना बघितलं तर ती घास सोडून उठेल. माझा चमचा बरोबर असेल तर मी आहे. चमचा नसेल तर मी विमानतळावरून परत फिरेन. आधीच सांगून ठेवते."

आणि काकूंचं आधीच सांगून ठेवलेलं आजवर कधी बदललेलं नव्हतं.

ताईंचं घर लेकासुनेचं, दोन खोल्यांचं. म्हणून त्यांच्याच इमारतीच्या पलीकडे, स्वयंपाकघर असलेली एक भाड्याची खोली भाच्याने ठरवून दिली. तिच्या माहितीपत्रकात शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ होती: 'ताटं, वाट्या, चमचे, सुऱ्या पाहुण्यांनी आपापल्या आणाव्यात.' ही ओळ काकांनी चष्मा पुसून तीनदा वाचली आणि सल्ला विचारायला ते वरच्या मजल्यावर गेले. इथेच त्यांचं चुकलं.

वरच्या मजल्यावरचे गृहस्थ आयुष्यात चार वेळा विमानात बसले होते, म्हणून त्यांना सगळे वैमानिक म्हणत. त्यांनी काकांचं स्वागत केलं, भांड्यांची यादी डोळ्यांखालून घातली आणि खुर्चीत मागे रेलले.

"ताटं हातातल्या बॅगेत चालतील. वाट्या चालतील. सुरी विसरा. चमचे खुशाल न्या."

"हा चमचा," काका म्हणाले आणि त्यांनी पंच्यात गुंडाळलेला पितळी चमचा टेबलावर ठेवला.

वैमानिकांनी तो उचलला. लगेच खाली ठेवला. "काका, याच्या दांड्यात काय आहे?"

"शिसं."

वैमानिकांनी खुर्ची सहा बोटं मागे सरकवली. "शिसं! अहो, त्यांचं यंत्र सगळ्याच्या आरपार बघतं. तुमची बनियन बघेल, काकूंच्या गोळ्या मोजेल. पण शिसं आलं की पडद्यावर नुसता काळाकुट्ट डाग! आणि काळा डाग दिसला की..." त्यांनी वाक्य पूर्ण केलं नाही. नुसता हात वर करून मनगटं एकमेकांजवळ आणली.

काकांनी चमचा पटकन पंच्यात गुंडाळला. "मग मोठ्या बॅगेत टाकतो. ती खालून जाते ना?"

"टाका की. दुसऱ्या फेरीला माझी मोठी बॅग माझ्याआधी घरी परत आली होती. तिसऱ्या फेरीला आलीच नाही. आज कुठल्या देशात कोण माझे लेंगे घालून हिंडतंय, देव जाणे."

झालं. चमचा मोठ्या बॅगेत टाकावा तर हरवायची भीती, हातात न्यावा तर अटकेची भीती, आणि घरी ठेवावा तर काकूंची भीती. तिन्ही भीत्या काकांनी मनातल्या तराजूत घालून पाहिल्या. तिसरी जड भरली.

वसाहतीत ही बातमी संध्याकाळपर्यंत पसरली आणि प्रत्येकाने यथाशक्ती मदत केली. तळमजल्यावरचे शिंपी म्हणाले, "कोटाच्या अस्तरात शिवून देतो, ब्रह्मदेवालाही कळणार नाही." काका त्या कल्पनेनेच इतके हादरले की पुढचे दोन दिवस त्यांनी शिंप्यांच्या दुकानासमोरून जायचा रस्ता बदलला. समोरच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी मात्र चष्म्यावरून बघत ठणकावून सांगितलं, "लपवायचं कशाला? खरं ते सांगा. पण कागदावर सांगा. तोंडी खरं कुणी ऐकत नाही."

कागद! काकांना हायसं वाटलं. माणूस बुडताना ज्याला जे ओळखीचं तेच धरतो. काकांचं आयुष्य कागदांत गेलं होतं. त्यांनी एक निळी फाइल विकत आणली.

पहिला कागद डॉक्टरांचा. त्यांनी लिहिलं, 'रुग्णास जड चमच्याची आवश्यकता आहे.' काका म्हणाले, "किती जड ते लिहा." डॉक्टरांनी वजन लिहिलं. काका म्हणाले, "आतल्या धातूचं नाव लिहा." डॉक्टर म्हणाले, "काका, तुमचा रक्तदाब तपासू का?"

दुसरा कागद आरोग्य खात्याचा. वैद्यकीय उपकरणं, खिडकी क्रमांक चार. खिडकीमागचे कारकून वरण सांडलेल्या पानासारखा चेहरा करून बसले होते.

"उपकरणाचं नाव?"

"चमचा."

"उत्पादक कोण?"

"मी."

"तुम्ही नाही हो. कंपनी कुठली?"

"मीच."

"परवाना क्रमांक?"

बायकोच्या तोंडात घास जावा यासाठी परवाना काढायचा असतो हे त्यांना एकतीस वर्षांच्या नोकरीतही कुणी सांगितलं नव्हतं.

"मग हे उपकरण नाही," कारकुनांनी निकाल दिला.

"मग काय आहे?"

"चमचा आहे."

"तेच मला लेखी द्या!" काका खिडकीच्या गजांना धरून म्हणाले.

कारकुनांनी बराच विचार केला. चमचा आहे असं लिहून द्यायचा अधिकार त्यांना नव्हता. शेवटी दोन दिवसांनी त्यांनी जे पत्र दिलं त्यात गोल शिक्क्यासह लिहिलं होतं, 'सदर वस्तूशी या खात्याचा कोणताही संबंध नाही.' काकांनी ते आनंदाने फाइलला लावलं. शिक्का होता ना!

तिसरा कागद वकिलांकडून केलेलं प्रतिज्ञापत्र: 'मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की सदर चमचा हा चमचाच असून अन्य काहीही नाही.' मग चमच्याचे फोटो, समोरून आणि दोन्ही बाजूंनी, जसे फरारी माणसाचे काढतात तसे. मग वसाहतीच्या अध्यक्षांचा दाखला, की हा चमचा त्यांच्या माहितीत तीन वर्षं असून त्याची वर्तणूक चांगली आहे. असे होता होता कागद अकरा झाले.

जायच्या आदल्या दिवशी सकाळी वैमानिकांनी तालीम घ्यायचं ठरवलं. जेवणाचं टेबल हा सरकता पट्टा, आणि ते स्वतः अधिकारी.

"घाबरायचं नाही," त्यांनी आधीच बजावलं. "यंत्रापेक्षा त्यांचं माणसाच्या चेहऱ्याकडे लक्ष असतं. चला. बॅग कुणी भरली?"

काकांच्या कपाळावर घाम आला. समोर वैमानिक आहेत, आपलं घर आहे, भिंतीवर आपलंच घड्याळ आहे, सगळं कळत होतं. तरी त्यांचं बोट आपोआप उठलं आणि काकूंकडे गेलं. "हिने."

"वा!" काकू आतून चहा आणता आणता म्हणाल्या. "पहिल्याच प्रश्नाला बायको पकडून दिलीत. चाळीस वर्षं संसार केला त्याचं सार्थक झालं."

"अगं, तोंडातून निघून गेलं."

"तिथे तरी माझं नाव घेऊ नका. मला ताईकडे जायचंय, तुरुंगात नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं विमानतळावर पोचले. काकांनी फाइल छातीशी धरली होती, तापाचं मूल धरावं तशी. तपासणीच्या रांगेत लोक बूट काढत होते, पट्टे काढत होते, प्लॅस्टिकच्या तबकांत फोन आणि पाकिटं ठेवत होते. सगळं कसं शांतपणे चाललं होतं; आणि काकांना त्या शांतपणाचीच भीती वाटत होती. त्यांच्या पुढे एक बाई होती, तिच्या पर्समधून छोटी कात्री निघाली. ती एका मोठ्या पारदर्शक पेटीत टाकली गेली. पेटीत आधीच कात्र्या होत्या, चाकू होते, एक हातोडीसुद्धा होती. हातोडी घेऊन विमानात चढायला कोण निघालं असेल, या विचारात काका असतानाच त्यांची पाळी आली.

बॅग पट्ट्यावरून आत गेली.

पट्टा थांबला.

पडद्यासमोर बसलेला माणूस पुढे वाकला. त्याने पट्टा थोडा मागे घेतला, पुन्हा पुढे. मग त्याने बाजूच्या अधिकारी बाईंना बोलावलं. त्या उंच, शांत, कानावर पेन अडकवलेल्या. त्यांनी पडदा पाहिला आणि मान न वळवता विचारलं, "ही बॅग कुणाची?"

काकांना बोलायचं होतं. त्यांनी फाइल उचलून तोंडासमोर धरली. काकूच पुढे झाल्या. "यांची. आणि माझी पण."

बॅग उघडली. स्टीलची दोन ताटं निघाली, चार वाट्या, झाकणाचं पातेलं, कालथा, पळी. भाजी सोलायचं सोलणं त्या पेटीत गेलं. किसणी मात्र सुटली. काकांना त्यातल्या त्यात हेच भयंकर वाटलं. जिथे सोलणं धोक्याचं आणि किसणी निर्धोक, तिथे आपल्या चमच्याचं नशीब कुणी सांगावं? आणि मग पंचा उलगडला गेला.

"हे काय आहे?"

"च... चमचा."

"ते दिसतंय. दांड्यात काय आहे?"

तालमीत या प्रश्नाचं उत्तर चौदा वेळा घोटून झालं होतं. शिसं, वजनासाठी, हात थरथरतो म्हणून. तीन गोष्टी. काकांना तिन्ही आठवेनात. त्यांनी नुसती फाइल पुढे केली.

अधिकारी बाईंनी फाइल उघडली. एक पान वाचलं. दुसरं वाचलं. तिसऱ्याला कानावरचं पेन काढून हातात घेतलं.

"'सदर चमचा हा चमचाच असून अन्य काहीही नाही.' आजोबा, हे तुम्ही वकिलाकडून लिहून घेतलंत?"

"हो."

"का?"

"भीती वाटली म्हणून."

"कसली भीती?"

"तुम्ही असं विचाराल याची."

बाईंनी पुढचं पान उलटलं. "आणि आरोग्य खातं म्हणतंय, या वस्तूशी आमचा काहीही संबंध नाही. शिक्का मारून. हे काय प्रकरण आहे? आणि चमच्याचे फोटो? बाजूने?" त्यांनी हाक मारून आणखी दोघांना बोलावलं.

आणि त्या क्षणी काकांनी आपल्याच फाइलकडे तपासनिसाच्या नजरेने पाहिलं. त्यांना आपली एकतीस वर्षं दिसली. तपासणीला दुकानात शिरल्यावर जो दुकानदार नुसता "या साहेब" म्हणायचा, त्याचं वजन ते उचलून पाहत आणि परत ठेवत. पण जो न विचारता कपाटातून कागदांचं भेंडोळं काढायचा, त्याची वजनं ते हमखास उलटी करायचे. आणि तळाला दडवलेलं भोक हमखास सापडायचं. ज्याच्या वजनात खोट त्याच्याकडे कागद फार, हे सबंध खात्यात काटेकाकांइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि आज अकरा कागद घेऊन कोण उभं होतं?

'मी असतो तर मला कधीच सोडलं नसतं,' काकांच्या मनात आलं.

"दोनच मार्ग आहेत," अधिकारी बाई म्हणाल्या. आवाज कठोर नव्हता, पण हलणारा नव्हता. "आत काय आहे ते यंत्राला दिसत नाही. एक तर हा उघडून दाखवा, नाहीतर त्या पेटीत टाका."

काकू एव्हाना बाजूच्या बाकावर जाऊन बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "पेटीत टाकायचा असेल तर टाका हो बाई. मी परत जाते. माझ्या बहिणीला फोन तेवढा करते."

त्यांनी हे इतक्या सहज म्हटलं की दुसऱ्या कुणाला काही वाटलं नसतं. पण काकांनी त्यांचा डावा हात पाहिला. तो उजव्या हातावर घट्ट दाबून धरलेला होता. गेली तीन वर्षं पाहुण्यांत बसल्या की त्या असाच हात दाबून बसत.

"उघडतो," काका म्हणाले. आपलाच आवाज ऐकून ते दचकले.

डाग दिलेलं टोपण हाताने कसलं निघतंय! विमानतळाचे फिटर आले, पक्कड घेऊन. ते चांगले दणकट गृहस्थ होते. त्यांनी टोपण पकडलं, पिळलं, हलेना. "काम कुणी केलंय?" ते दम खाऊन म्हणाले. काकांना त्या अवस्थेतही जरा बरं वाटलं. फिटरांनी दात आवळून शेवटचा झटका दिला आणि टोपण असं काही सुटलं की नळी उलटी झाली आणि सव्वाशे ग्रॅम शिशाच्या गोळ्या त्या गुळगुळीत फरशीवर टपटप टपटप करत चहूकडे धावल्या.

"गोळ्या!" रांगेतून कुणीतरी किंचाळलं. "गोळ्या आहेत!"

मग काय झालं ते सांगायला एक तोंड पुरत नाही. कुणी खाली बसलं, कुणी बॅगेमागे लपलं, एका गृहस्थांनी अनवाणीच मागच्या मागे पळ काढला आणि एका गोळीवरून घसरून ते अलगद आपल्याच तबकापाशी परत आले. शिट्टी वाजली. काकांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी आपणहून दोन्ही हात वर केले, डोळे मिटले आणि मनात देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. देवाची नावं पुष्कळ आहेत, काकांना त्यातली बरीच पाठ होती. त्या वेळी मात्र त्यांना एकसुद्धा पूर्ण आठवेना. तो दयाळू आहे. अर्ध्या नावालाही ओ देतो.

"हात खाली घ्या," बाकावरून काकू म्हणाल्या. "गळाच्या आहेत म्हणून सांगा त्यांना."

फिटर खाली वाकून एक गोळी चिमटीत धरून निरखत होते. "बाईसाहेब, मासे धरायच्या आहेत या. माझ्याकडे घरी डबाभर आहेत." त्यांनी नळीत डोकावून पाहिलं, बोटाने आतला कापूस काढला. "आणि कापूस. संपलं."

अधिकारी बाईंनी शिट्टीवाल्याला हात केला. सगळं हळूहळू उठून उभं राहिलं. बाईंनी काकांकडे पाहिलं, फाइलकडे पाहिलं, आणि काकूंच्या दाबलेल्या हातांकडे पाहिलं. "मावशी, हात कापतो का?"

"घास धरला की कापतो."

"असं सरळ का नाही सांगितलंत?" हे त्यांनी काकांना विचारलं.

"सांगणारच होतो," काका म्हणाले. "कागद संपल्यावर."

बाईंना हसू आलं असावं. ते त्यांनी गिळलं. "चमचा न्या. पण या गोळ्या विमानात जाणार नाहीत. शिशाच्या आहेत. त्यात मी काही करू शकत नाही."

काकूंनी रिकामा चमचा हातात घेतला. खाण्यासारखा हवेत उचलला. तो तोंडाकडे जाता जाता डावीकडे गेला, उजवीकडे गेला, हनुवटीला लागला. त्यांनी तो बाकावर ठेवून दिला आणि पिशवी उचलली. "चला घरी."

वर विमानाची घोषणा होत होती. त्यांच्याच विमानाची.

काकांनी बाकावरचा चमचा उचलला. मग त्यांनी खिशात हात घातला आणि घराच्या किल्ल्यांचा जुडगा काढला. ज्या किल्ल्या ते आंघोळीला जातानासुद्धा खुंटीवर नजरेसमोर ठेवत, त्या. त्यांनी कडं काढलं, एकेक किल्ली नळीत सोडली आणि नळी तळहातावर ठेवून डोळे मिटले.

"बहात्तर," ते पुटपुटले.

"काय?" अधिकारी बाई म्हणाल्या.

"गोळ्यांचं वजन भरून काढतोय. ग्रॅममध्ये. हाताला कळतं." त्यांनी बोटातली अंगठी ओढली. ती येईना. फिटरांनी कुठूनशी साबणाची वडी आणली. अंगठी निघाली, नळीत पडली. "ऐंशी. अजून पंचेचाळीस हवेत."

त्यांनी खिसे चाचपले. चष्म्याची डबी, रुमाल, औषधाची पट्टी. काही नाही. ते तसेच नळी तळहातावर धरून उभे राहिले. घाम गळत होता, हात मात्र स्थिर होता. हा माणूस, काकूंच्या मनात आलं, जो पोस्टमनशी दाराच्या साखळीआडून बोलतो, तो चार गणवेशांच्या मधे उभा राहून घराच्या किल्ल्या चमच्यात भरतोय.

काकूंनी पिशवी खाली ठेवली. गळ्यातली साखळी काढायला घेतली. उजवा हात कापत होता, फासा सुटेना. अधिकारी बाईंनी मागे जाऊन तो सोडवला. साखळी नळीत गेली. कानातल्या कुड्या गेल्या.

"सव्वाशे," काका म्हणाले. "आता कापूस."

फिटरांनी टोपण पकडीने असं आवळलं की पितळ कुरकुरलं. चमचा पुन्हा यंत्रातून गेला. पडद्यावर आता काळा डाग नव्हता. चार किल्ल्या, एक अंगठी, वेटोळं घातलेली साखळी, सगळं चित्रात काढल्यासारखं. "जा आता, पळा," बाई म्हणाल्या. "आणि आजोबा, तुमची फाइल राहिली."

"तुमच्याकडेच ठेवा."

"नको!" चौघंही एकदम म्हणाले.

विमान उडालं. काकांनी खिडकीकडे पाठ केली होती, कारण खाली काही दिसत नसलं तर आपण वर नाही, असा त्यांचा हिशेब होता. तासाभराने जेवण आलं. भात, भाजी, पाव. काकूंच्या पलीकडे एक अनोळखी बाई बसली होती, मागेपुढे शंभर माणसं होती. काकूंनी क्षणभर मांडीवर हात दाबून धरला. मग पंचा उलगडला, पितळी चमचा काढला, भात घेतला आणि उचलला.

हात वर गेला. सरळ गेला. पोचला.

दुसरा घास. तिसरा. पलीकडच्या बाईने बघितलं, हसली आणि आपलं जेवू लागली. एवढंच. तीन वर्षं काकू ज्याला भ्याल्या, ते एवढंच होतं. काकूंनी भाजी संपवली, पाव संपवला आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे." काकांना वाटलं, इतकं गोड वाक्य आपण आयुष्यात ऐकलं नाही.

तेवढ्यात विमानातल्या मुलीने एक छापील कार्ड हातात दिलं. उतरल्यावर भरून द्यायचं. काकांनी चष्मा लावला. पहिल्या ओळी नावगावाच्या. सहावी ओळ: 'आपल्या सामानात सोनं आहे काय?' सातवी ओळ: 'सोनं लपवून आणणं हा गंभीर गुन्हा आहे.'

काकांनी ती ओळ वाचली. मग चमच्याकडे पाहिलं. मग पुन्हा ओळ.

"अगं," ते कुजबुजले, "आपलं सगळं सोनं चमच्याच्या दांड्यात आहे."

"माहीत आहे. मीच घातलंय."

"पोकळ दांड्यात! कापसात गुंडाळून! याला काय म्हणतात ठाऊक आहे का?"

"उतरायच्या आधी काढून गळ्यात घालीन."

"टोपण पकडीने आवळलंय! पक्कड विमानात आणू देत नाहीत!" काकांचा आवाज फाटला. "आणि आता कागदसुद्धा... अकरा कागद आहेत, त्यांत लिहिलंय, हा चमचाच असून अन्य काहीही नाही! वकिलाच्या सहीने लिहिलंय! आत निघणार सोनं!"

त्यांनी धीर यावा म्हणून प्लॅस्टिकचा चमचा उचलला. भात घेतला. आणि मग त्यांच्या हाताला असा काही कंप सुटला की अर्धा भात शर्टावर गेला, अर्धा पुढच्या खुर्चीच्या पाठीवर. दुसरा घास घेतला. तो पलीकडच्या बाईच्या पावावर पडला. काकांनी चमचा खाली ठेवला. "मला भूक नाही," ते म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. हे वाक्य त्यांना चांगलं ओळखीचं होतं.

त्यांनी काकांचं तबक आपल्याकडे ओढलं. पितळी चमच्यात भात घेतला, वर भाजी घेतली आणि उचलला.

"आ करा."

"अगं, लोक बघतायत!"

"बघू देत."

"मी काय लहान आहे?"

"आ."

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. शंभर माणसं. त्यांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं. जड, थंड पितळ ओठांना लागलं. एक शीतही सांडलं नाही.

"पण तिथे उतरल्यावर," घास तोंडात घेऊनच ते म्हणाले, "त्यांनी विचारलं, दांड्यात काय आहे, तर?"

काकू पुढचा घास भरत होत्या. हात दगडासारखा स्थिर होता.

"आधी गिळा," त्या म्हणाल्या. "मग घाबरा."